चिकटलेलं पान

पुस्तक अर्ध्यात सोडण्यात लाजण्यासारखं काही नाही, असं माझं आजवर मत होतं. मी कितीतरी पुस्तकं अर्ध्यात टाकली आहेत आणि टाकताना लेखकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावलेही आहेत. पण ही कादंबरी मी माझ्यासाठी वाचत नव्हते. मी ती सोडली म्हणजे आणखी एका माणसाची सुटली. पुस्तक मिटताना हे मला कळत होतं आणि तरीही मी ते मिटलं.

विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मी एका गटात नाव दिलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्यानं वाचतो, फोनवर रेकॉर्ड करतो आणि त्यांना पाठवतो. गट चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले होते. मुखपृष्ठावर काय चित्र आहे ते सांगायचं. अर्पणपत्रिका वाचायची, मागची किंमतसुद्धा वाचायची. पान उलटलं की पानाचा आकडा म्हणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. आणि मुख्य म्हणजे आपल्या मनाचं काही घालायचं नाही, आपल्याला आवडलं नाही म्हणून काही गाळायचं नाही. "पुस्तक त्यांचं आहे, तुम्ही फक्त डोळे द्यायचे," असं बाई म्हणाल्या. मला ते जरा नाटकी वाटलं होतं, पण मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली.

आता आमच्या सोसायटीत शांतता कुठून आणायची? खाली कांदे-बटाटेवाला, वर कोणाच्या तरी फरशा फोडायचं काम, शेजारी कुकर. शेवटी मी एक युक्ती काढली. बेडरूमचं दार लावायचं, पंखा बंद करायचा, लाकडी कपाटाची दोन्ही दारं उघडायची आणि स्टूल घेऊन जवळजवळ कपाटातच बसायचं. रजया आणि जरीच्या साड्या आवाज शोषून घेतात. घामाच्या धारा लागतात आणि अंगाला डांबरगोळ्यांचा वास येतो, पण रेकॉर्डिंग स्वच्छ होतं. नवऱ्यानं पहिल्या दिवशी दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "आत अजून कोणी आहे का?" मी नाही म्हटल्यावर "मग ठीक आहे," म्हणून पुन्हा पेपर वाचायला गेला.

मी जिच्यासाठी वाचत होते ती कर्वेनगरला एकटी राहते. आई-वडील लोणी काळभोरला शेती बघतात आणि ही इथे बँकेत नोकरी करते. लहानपणीच्या तापात तिची दृष्टी गेली. पस्तिशीच्या आतबाहेर असेल. जिभेवर धार, आणि त्या धारेचा मला जरा अभिमानच होता, कारण मला वाटायचं ती माझ्याशी बोलून बोलून आलीय. आमची ओळख झाली तेव्हा तिनं सांगितलं होतं, "काकू, बातम्या मी डबल स्पीडनं ऐकते. तुम्हाला मात्र साध्या स्पीडनं. तुम्ही चांगलं वाचता." एवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

ही कादंबरी तिनंच आणून दिली. बँकेतली तिची एक मैत्रीण डब्याच्या सुट्टीत तिला ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगायची. निम्मी सांगून झाली आणि मैत्रिणीची बदली झाली. "मला पुढचं ऐकायचंय काकू, पण वाचा पहिल्यापासूनच. ती बाई त्याच्याबरोबर जाते का राहते, एवढं कळल्याशिवाय चैन पडणार नाही," ती म्हणाली. मी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर निळसर अंधार, एक उघडं दार आणि दारात कोणी नाही.

"भुताची प्रेमकथा?" मी नाक मुरडलं.

"हो. का, भीती वाटते?"

"मला?" मी म्हटलं. "अगं, अमावस्या म्हणून गाडी बुक न करणाऱ्या लोकांना हसण्यात माझं आयुष्य गेलंय."

गोष्ट अशी होती. एक बाई नोकरीसाठी टेकडीजवळच्या एका फ्लॅटमध्ये भाड्यानं येते. त्या फ्लॅटमध्ये पूर्वी राहणारा माणूस वारलेला असतो. तो रोज संध्याकाळी येतो. दिसत नाही, फक्त आवाज येतो. दारातून विचारतो, "मी आलोय. आत येऊ का?" ती आधी घाबरते, मग चिडते, मग वाट बघायला लागते आणि एके दिवशी म्हणते, "ये."

पहिली काही प्रकरणं मी थट्टेवारीत काढली. नवरा जेवताना विचारायचा, "आज भूत कुठवर आलं?" आणि मी सांगायची, स्वयंपाकघरापर्यंत. मग हळूहळू मला सांगावंसं वाटेना. बाई केस विंचरत असते आणि आवाज तिच्या अगदी कानाशी येतो. बाई आजारी पडते आणि कपाळावर हात फिरतो, त्या हाताला ऊब नसते. आणि तिला ते आवडतं! लेखकानं ते इतकं मऊ, इतकं लाडिक लिहिलं होतं की मला किळस यायची. भूत ओरडलं असतं, उलट्या पायांचं असतं तर मी हसले असते. हे आपलं गोड बोलत घरात शिरत होतं.

एका दुपारी मी कपाटात तोंड घालून वाचत होते. त्या प्रकरणात बाई आपल्या उशीशेजारी दुसरी उशी ठेवते. दिवा मालवते. मग त्या दुसऱ्या उशीत हळूहळू खळगा पडतो. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि माझ्या पाठीमागे, आमच्याच पलंगावर, कोणीतरी बसल्यासारखं वाटलं. भर दुपारी. पंखा बंद, घामानं ब्लाऊज चिकटलेला आणि मानेवर काटा. मी वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर हिंमतच झाली नाही. कपाटातल्या साड्यांकडे बघत थोडा वेळ तशीच बसले, मग रेकॉर्डिंग बंद करून तिरकी तिरकी दारापर्यंत गेले. बाहेर नवरा पोटावर पेपर ठेवून घोरत होता. त्याचं घोरणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

त्या रेकॉर्डिंगमधला उशीचा भाग मी पुसला. पानाचा आकडा म्हटला, वरच्या चार बिनधोक ओळी वाचल्या आणि पुढच्या पानाचा आकडा म्हटला. मनाशी म्हटलं, एकटी राहणारी मुलगी, तिला कशाला असलं ऐकवायचं? रात्री झोप नाही लागायची बिचारीला. माझी भीती मी अशी तिच्या नावावर खपवली आणि वर काळजी केल्याचं समाधानही घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचा व्हॉइस मेसेज आला. "काकू, एकशे बारावं पान सुरू झालं आणि लगेच एकशे तेरा आलं. पान चिकटलं होतं का?"

तिनं मला वाट काढून दिली होती. आता मला ते कळतं. त्या वेळी मी फक्त ती वाट पकडली. "हो गं, चिकटलंच होतं. बायंडिंग फालतू आहे," असं म्हणून मी प्रकाशकाला दोन शिव्याही दिल्या. "उकलता आलं तर बघा ना," ती म्हणाली.

त्यानंतर मला ते पुस्तक उघडवेना. बेडरूममध्ये शिरलं की ते टेबलावर दिसायचं, म्हणून मी त्यावर विमा पॉलिसींची फाईल ठेवली. मग फाईल हलवायचीही भीती वाटायला लागली. बासष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर ऑफिसात लोकांना मरणाबद्दल बिनदिक्कत विचारत आलेली, आणि एका कादंबरीतल्या उशीला घाबरलेली! हे मी कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलं असतं. तिला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. तिच्यापुढे मी फुशारकी मारून बसले होते.

तेव्हा मी माझा घसा बसवला. "घसा पूर्ण बसलाय, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय," असा मेसेज केला. घसा बसला म्हणजे फोनही करता येईना, व्हॉइस मेसेजही नाही. सगळं टाईप करायचं, मग तिचा फोन ते तिला वाचून दाखवणार. माझ्या बोटांना ती सवय नाही. खोटं बोलायला सोपं असतं म्हणतात, पण टाईप करायला फार वेळ लागतो.

संध्याकाळी डिलिव्हरीवाला दारात. पुडीत ज्येष्ठमध आणि खडीसाखर. सोबत तिचा मेसेज: "चघळत राहा काकू. घाई नाही. पुस्तक कुठे पळून जात नाही." मी पुडी हातात धरून दारातच उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, "कोणाचा घसा बसलाय?" मी म्हटलं, माझा. "मग आत्ता कोण बोलतंय?" तो म्हणाला आणि खडीसाखरेचा एक खडा तोंडात टाकून निघून गेला.

त्या ज्येष्ठमधानं मला जास्तच खजील केलं. पुस्तक परत करून टाकावं, बरं व्हायला वेळ लागेल म्हणून कळवावं, गटातलं दुसरं कोणीतरी वाचेल, असं मी ठरवलं. तिला टाईप करून कळवलं की पुस्तक तुझ्या वॉचमनकडे ठेवते. त्या दिवशी गुरुवार, पाणी बंद, आणि सणाची सुट्टी म्हणून बँकही बंद, त्यामुळे ती घरीच होती हे मला माहीत होतं. पण वॉचमनकडेच द्यायचं असल्यानं प्रश्न नव्हता.

वॉचमनची खुर्ची होती, खुर्चीवर टॉवेल होता, वॉचमन नव्हता. पाण्याच्या टँकरच्या मागे गेला असावा. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हटलं, तिचा फ्लॅट तळमजल्यावरच आहे, दारातून आत शिरल्याबरोबर चपलांचा रॅक आहे, त्यावर पुस्तक ठेवून यावं. वारा यावा म्हणून ती दुपारी लाकडी दार उघडं ठेवते आणि जाळीचं दार नुसतं लोटून घेते. एरवी मी आले की ती आतूनच ओरडते, "उघडंच आहे काकू!"

मी जाळीचं दार अलगद ओढलं आणि आत पाऊल टाकलं. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला.

ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर फोन. फोनमधून मी वाचत होते. "मी आलोय. आत येऊ का?" साध्या स्पीडनं, अगदी सावकाश. पुढचं काही नव्हतं म्हणून ती जुनंच पुन्हा ऐकत होती. ऐकता ऐकता हसत होती. मी पुस्तक छातीशी धरून जागच्या जागी थांबले. का थांबले ते मला नीट सांगता येत नाही. थोडं कौतुक होतं, थोडी शरम. एखाद्याकडे त्याच्या नकळत बघत राहण्यात एक सुख असतं, तेही होतं. लिहितानाही हे वाक्य मला खोडावंसं वाटतंय.

तिचं हसू थांबलं. तिनं फोन बंद केला.

"कोण आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझा तर घसा बसला होता. "मी आहे गं," म्हटलं असतं तर स्वच्छ, खणखणीत आवाज आला असता. घोगरा आवाज काढून पाहावा असंही मनात आलं, इतकी मी खाली गेले होते. पण तिच्या कानांना मी फसवू शकणार नाही हे मला माहीत होतं.

"मावशी, तुम्ही आहात का?" कामवाल्या मावशी असतील समजून तिनं विचारलं. मग जरा मोठ्यानं, "कोण आहे? बोला ना."

ती उठली. एका हातानं खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि दुसरा हात समोर हवेत धरला. तिची पांढरी काठी माझ्याजवळ, चपलांच्या रॅकला टेकलेली होती. तिच्या आणि काठीच्या मध्ये मी उभी होते. ती एरवी घरात काठीशिवाय सहज वावरते, पण आता तिला पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं, कारण समोर कोणीतरी आहे हे तिला कळत होतं. तिचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. पण ती भीती मी ओळखली. मानेवर काटा आला असणार, पुढे जावं की मागे हे कळत नसणार. कपाटापुढे बसून मी तेच अनुभवलं होतं. फरक एवढाच की माझ्या पाठीमागे कोणीही नव्हतं. तिच्यासमोर खरोखरच मी होते.

आणि मी काय केलं? पुस्तक रॅकवर ठेवलं, श्वास धरला आणि मागे मागे सरकत बाहेर आले. जाळीच्या दाराची कडी वाजली. मी जिन्याजवळ पोहोचेपर्यंत आतून लाकडी दार धाडकन लागलं, मग कडी, मग वरचा बोल्ट. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यानं कुठे म्हणून विचारलं तर माझ्या तोंडून आवाज निघेना. घसा तेव्हा खरोखरच बसला.

संध्याकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला. मी तो बेडरूममध्ये, दार लावून ऐकला.

"काकू, पुस्तक मिळालं. चपलांच्या रॅकवर होतं. दुपारी दारात कोणीतरी उभं होतं. डांबरगोळ्यांचा वास आला, म्हणून आधी वाटलं तुम्ही आलात. पण मी विचारलं तर उत्तर नाही. मग मला भीती वाटली, कारण तुम्ही असतात तर बोलला असतात." मागे तिचा पंखा ऐकू येत होता. "एक सांगू का? पुढच्या वेळी घसा बसला असला तरी चालेल. टाळी वाजवा, रॅकवर टकटक करा, काहीही करा. बँकेतही लोक टेबलासमोर येऊन गप्प उभे राहतात. कोणीतरी आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. सगळ्यांना वाटतं मला सवय झालीय. नाही होत काकू सवय. म्हणून तर मला ते भूत आवडतं. ते बिचारं रोज दारातून विचारतं. मेल्यावरसुद्धा."

मी तो मेसेज पुन्हा लावला नाही. लावायची गरजच नव्हती. मला ती कादंबरी भयानक वाटली ती रिकाम्या हवेतून येणाऱ्या आवाजामुळे. तिच्यासाठी आम्ही सगळेच रिकाम्या हवेतले आवाज आहोत, आणि त्यातल्या त्यात सभ्य आवाज त्या भुताचा होता. हे मला कादंबरी वाचून कळायला हवं होतं. मी तर ती अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचत होते. निदान एकशे बाराव्या पानापर्यंत.

उत्तर टाईप करायला घेतलं. "सॉरी" लिहिलं, खोडलं. "अगं, काय झालं की" असं लिहिलं, तेही खोडलं. टाईप करून माफी मागणं म्हणजे बसलेला घसा पुढे चालवणं होतं. नवरा दारात येऊन उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघून या वेळी तो नुसता पंखा लावून गेला.

रविवारी मी तिच्याकडे गेले. लाकडी दार बंद होतं. पूर्वी दुपारी ते कधी बंद नसायचं. मी बेल वाजवली आणि आतून पावलं येऊन दाराशी थांबल्याची चाहूल लागली. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही.

"मी आलेय," मी म्हटलं. "आत येऊ का?"

मग वरचा बोल्ट निघाला, मग कडी.

"या काकू," ती म्हणाली. "घसा मोकळा झाला वाटतं."

मी सगळं सांगितलं. उशी, कपाट, पुसलेला भाग, टाईप केलेला घसा, गुरुवार. तिनं एकदाही "असू दे" म्हटलं नाही, आणि तिनं ते म्हणावं अशी अपेक्षा करायचा मला हक्कही नव्हता. ऐकून झाल्यावर ती उठली, चहा टाकला, बोटानं कपाची कड चाचपत बरोबर काठोकाठ ओतला. मग टेबलावरचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं. मायक्रोवेव्हमधले पदार्थ.

"हे वाचाल?" ती म्हणाली. "यात कोणी मेलेलं नाही."

मी वाचते म्हटलं. मुखपृष्ठावर ढोकळ्याचा फोटो होता, तो तिला तिथेच सांगितला. मग जरा धीर करून विचारलं, "आणि ती कादंबरी? मी पुन्हा सुरू करू का? त्या पानापासून?"

"ती गटातल्या एका काकांना दिली," ती म्हणाली. "त्यांचा आवाज नाकातून येतो जरा आणि 'ष' म्हणताना शिट्टी वाजते. पण त्यांची पानं चिकटत नाहीत."